नावात दुरुस्ती

कळंबच्या सेतू केंद्रात, झेरॉक्सच्या मशीनला टेकून
ती उभी राहिली,
कार्ड माझ्या टेबलावर उताणं टाकलं.
म्हणाली, वाच.

मी वाचलं : पावला रंगनाथ खटाळ.

"कोण पावला?" तिनं विचारलं.
"मला तर आजून कुणी पावलं नाही, माय."
रांगेतले दोघं हसले. मीही.
ती नाही.

कुणीतरी इंग्रजीत सहा अक्षरं टंकली असणार.
यंत्रानं ती परत मराठीत आणताना
वाटेत ळ सांडला,
आणि एक काना कुठूनसा उचलून आणला.

अर्ज मी भरत होते, ती सांगत होती, न विचारता :
"पवळा म्हंजी पोवळं. समुद्रातलं.
म्या समुद्र बघितला नाही, आईनं तरी कव्हा बघितला.
येरमाळ्याच्या जत्रंत मणेरनीकडून
एक मणी घेतला होता तिनं, तांबडा,
जवारीच्या दाण्याहून जरा मोठा,
पायलीभर करडई देऊन.
नववा लागला होता तिला. म्हणून पवळा.

बाप म्हणायचा, तसं नाही.
त्याच आठवड्यात गाईला तांबूस खोंड झालं होतं.
बापाला एकच नाव सुचलं,
त्यानं ते दोघांत वाटून दिलं.
खोंडाला हाक मारली की मी वळायची,
मला मारली की खोंड.
ढवळ्या सावडीचा होता, दुसऱ्याच्या दावणीचा.
वाण लागला का गुण, कुणी बघितलं?

आन् भटजी म्हणला, मंगळवारची पोर,
मंगळाचा खडा पोवळं.
पण तो बारशाला उशिरा आला, नाव तव्हा ठेवून झालं होतं."

"मग यातलं खरं कोणतं?"
"तुझ्या फारमात बसंल ते."

जन्मगाव? पोवळेगाव.
मी टंकलं. यादीत असं गाव नाही.

मग मला आठवलं, निजामाच्या दप्तराचे फोटो
मागच्या वर्षी याच संगणकावर आले होते.
उर्दूला ळ ठाऊक नाही.
मुन्शी वाचेल तसं ते गाव : पोलेगाव, पूलेगाव,
पुढं इंग्रजीतून एसटीच्या पाटीवर पावलगाव.
आता तिथं पाऊलही सापडलंय.
खडकातल्या खळग्याला शेंदूर लागला,
देव इथं थांबला होता म्हणतात,
श्रावणात भंडारा, बाराही महिने पावतीपुस्तक.

"त्या खळग्यात?" ती म्हणाली.
"आम्ही पोरी चिंचा कुटायचो त्यात."

आणि मणी?
"थोरल्या सुनंच्या गळ्यात. सोनार म्हणला, काच हाय.
म्या म्हणलं, आसंल."

ळ माझ्या कीबोर्डवर ल च्याच बटणात राहतो,
शिफ्ट दाबल्याशिवाय बाहेर येत नाही.
दिवसभरात मी किती वेळा दाबत नाही
ते मी मोजलेलं नाही.
कळंब, मांजरथळ, काळे, माळी,
घाईत सगळं सरळ होऊन जातं.

पडद्यावर बोट ठेवून तिनं विचारलं,
"माझ्या नावातलं गेलेलं कोणतं?"
मी दाखवलं.
"हे व्हय? दोन मणी एका दोऱ्यात?"
माझा पेन घेऊन
तिनं ते तळहातावर उतरवून घेतलं,
एक मणी जरा मोठा झाला.

नव्वद दिवस लागतील, मी म्हणाले.
"पावला तर," ती म्हणाली, आणि आता हसली.

पन्नास रुपये. प्रिंट निघाली.
त्यावर इंग्रजीत तीच सहा अक्षरं.
पुढचा माणूस खुर्चीत बसला,
उत्पन्नाचा दाखला हवा होता त्याला.
सहीसाठी पेन शोधला,
तो तिच्याबरोबर गेला होता.